ओल्या भिंतीला रंग लावू नका: घरातली बुरशी आणि घरच्यांचा खोकला

गणपती जवळ आले की माळ्यावरचं सामान खाली येतं. मखराची खोकी, जाजम, समया, पाहुण्यांसाठीच्या गाद्या. खोकं उघडलं की आधी ओल्या पोत्यासारखा कुबट वास येतो आणि मग कुणीतरी शिंकायला लागतं. कपाटात मागे टांगलेल्या कोटावर पांढरी भुकटी, चामडी पट्ट्यावर हिरवट लव, पलंगामागच्या भिंतीवर काळे ठिपके. मुंबई-ठाण्यात, कोकणात, गोव्यात हे इतकं नेहमीचं आहे की त्याचं कुणाला काही वाटत नाही. भिंत फडक्याने पुसली जाते, पेंटरला फोन जातो आणि गौरी यायच्या आत भिंत पुन्हा पांढरी होते.

आमच्या डोंबिवलीच्या घरात हे ओळीने तीन वर्षं झालं. त्याच तीन वर्षांत मुलीचा रात्रीचा खोकला जुलैत सुरू व्हायचा आणि डिसेंबर उजाडेपर्यंत टिकायचा. या दोन गोष्टी आम्ही कधी शेजारी ठेवून पाहिल्याच नाहीत. तिसऱ्या पावसाळ्यात तिच्या डॉक्टरांनी औषध लिहिता लिहिता विचारलं, "हिचा पलंग कुठल्या भिंतीला लावलाय?" पलंग पश्चिमेच्या भिंतीला होता, काळे ठिपके होते त्याच भिंतीला. तेव्हापासून मी जे वाचलं, डॉक्टरांना, प्लंबरला आणि गवंड्याला विचारून समजून घेतलं, ते इथे लिहिते आहे.

बुरशीला लागतं काय?

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. तुमच्या घरात, माझ्या घरात, दवाखान्यात, रानात. त्यातले कित्येक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट एवढेच असतात, म्हणजे डोळ्यांना दिसत नाहीत आणि श्वासाबरोबर थेट आत जातात. ते घरात येऊच नयेत असं करता येत नाही. त्यांना खायलाही फार लागत नाही. कागद, प्लायवूड, सुती कापड, चामडं, भिंतीच्या रंगातले चिकट घटक, यातलं काहीही चालतं. काचेवर बसलेली धूळसुद्धा पुरते. ऊब हवी असते, ती आपल्याकडे बारा महिने आहे.

राहता राहिलं पाणी. आपल्या हातात असलेली गोष्ट ही एवढीच. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत पूर्ण वाळली तर तिच्यावर बहुधा बुरशी धरत नाही. न वाळली तर धरते. आणि त्यासाठी पाणी टपकायलाच हवं असं नाही. भिंतीला लागून असलेल्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास बरेच दिवस राहिली तरी पुरतं. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस याच्या वरच असते. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २,२०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, रत्नागिरीकडे त्याहूनही जास्त.

मग आजोळची घरं कशी टिकली, हा प्रश्न मला पडला होता. त्या घरांना पाणी रोखण्यापेक्षा वाळण्याची सोय जास्त होती. जोतं उंच, छपराच्या वळचणी खोल, भोवती पडवी, त्यामुळे पावसाची झड मूळ भिंतीपर्यंत पोचायची नाही. कौलांच्या फटींतून हवा खेळायची. चुलीची ऊब असायची. भिंतींना दरवर्षी चुना लागायचा. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की बुरशीला त्यावर सहज पाय रोवता येत नाही, शिवाय चुन्याची भिंत आतली ओल बाहेर सोडते. आता इमारतीच्या पश्चिमेच्या भिंतीवर साधा छज्जाही नसतो. नैऋत्येचा पाऊस आडवा येऊन तिच्यावरच आपटतो. आतून मात्र आपण पुट्टी आणि प्लास्टिक पेंट लावून ती भिंत पिशवीत घातल्यासारखी बंद करतो. आत शिरलेलं पाणी मग रंगाखाली साचतं, रंग फुगतो, पोपडे सुटतात.

पाणी येतं कुठून?

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याविषयी, कारण बहुतेक घरांत चूक इथेच होते. बुरशी दिसली की आपण बुरशीमागे लागतो. पण ती फक्त खूण आहे, पाणी कुठेतरी दुसरीकडे आहे.

पहिली गोष्ट, भिंतीवर जे पांढरं दिसतंय ती बुरशीच आहे का? भिंतीतून पाणी बाहेर येताना विटा-सिमेंटमधले क्षार घेऊन येतं, तेही पांढऱ्या भुकटीसारखे साठतात. थेंबभर पाणी टाकून पाहा. विरघळलं तर क्षार, न विरघळता चिकट पसरलं तर बुरशी. क्षार असतील तर तब्येतीला धोका कमी, पण भिंतीतून पाणी वाहतंय याचा तो पुरावा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे कॅलेंडर. डाग पावसाच्या सरीनंतर दोन-तीन दिवसांत गडद होत असेल आणि उन्हाळ्यात मिटत असेल, तर पाणी बाहेरून येतंय: गच्चीच्या कोब्यातून, बाहेरच्या प्लॅस्टरच्या भेगांतून, खिडकीच्या चौकटीच्या कडेने. डाग एप्रिल-मेमध्येही ओला असेल तर पावसाला दोष देऊ नका. ते नळाचं किंवा सांडपाण्याचं पाणी आहे. बहुतेक वेळा वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जाण्याचं जाळीखालचं भांडं), फरशांमधले उघडे पडलेले सांधे किंवा भिंतीतला गंजलेला पाइप निघतो. रात्री घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर पाहा. सकाळी आकडा पुढे सरकला असेल तर कुठेतरी पाइप गळतोय. तळमजल्यावर, चाळीत, जुन्या वाड्यात ओल जमिनीपासून वर चढते, साधारण कंबरेच्या उंचीपर्यंत जाते आणि तिथे आडवी रेघ पडते. तिथे कितीही रंग लावा, जोत्यातून येणारं पाणी थांबवल्याशिवाय उपयोग नाही.

आणि एक प्रकार असा की पाणी कुठूनच आत येत नाही, हवेतून पडतं. बाहेर २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर सुमारे २६ अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो तसंच. आता विचार करा, रात्रभर एसी २२ वर चालला, सकाळी बंद केला आणि "खोली मोकळी होऊ दे" म्हणून खिडक्या उघडल्या. बाहेरची दमट हवा थंड भिंतींना, कपाटाच्या दारांना, आरशाला लागते आणि तिथे पाण्याचा पातळ थर बसतो. एसीच्या खोलीची भिंत पलीकडून पॅसेजमध्ये असेल तर तिथल्या चपलांच्या कपाटात बुरशी येते ती यामुळेच. खिडक्या उघड्या ठेवा हा सल्ला थंड देशांसाठी बाराही महिने बरोबर आहे. आपल्याकडे पावसाळ्यात तो अर्धाच बरोबर. बाथरूमची वाफ, कुकरची वाफ बाहेर काढायला एक्झॉस्ट फॅन हवाच, कारण ती बाहेरच्या हवेपेक्षाही ओली असते. पण मुसळधार पावसात दिवसभर खिडक्या सताड उघड्या ठेवून घर वाळत नाही.

हवेतलं की भिंतीतलं, हे ओळखायला एक सोपी पद्धत आहे. भिंतीचा तो भाग कोरडा पुसून घ्या आणि वीतभर ॲल्युमिनियम फॉइल चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी पाहा. फॉइलच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे खोलीकडे, पाणी धरलं असेल तर ते हवेतलं आहे. आतल्या बाजूला, भिंतीकडे, पाणी असेल तर भिंतच पाणी सोडते आहे. आमच्या भिंतीची आतली बाजू ओली निघाली. तीन वर्षं आम्ही जिला रंग देत होतो ती भिंत आतून भिजलेली होती.

घरात वाळत घातलेले कपडे हा वेगळा विषय आहे. चार माणसांच्या धुण्यात पिळल्यानंतरही लिटर-दोन लिटर पाणी उरतं आणि ते सगळं घरातल्या हवेत जातं. जागा नसते, मला ठाऊक आहे. पण निदान झोपायच्या खोलीत दोऱ्या बांधू नका. एका खोलीत कपडे, पंखा आणि एक्झॉस्ट लावून दार बंद, किंवा एसी ड्राय मोडवर असलेल्या खोलीत कपडे, यातलं काही जमलं तर पाहा.

शरीरात काय होतं?

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. ओल असलेल्या घरात राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दमा बळावण्याचा धोका जास्त असतो, हे त्यात स्पष्ट म्हटलं आहे. हवेत अमुक इतके बीजाणू चालतील असा आकडा मात्र त्यांनी दिलेला नाही, कारण तसा सुरक्षित आकडा ठरवता येत नाही. त्यामुळे घरातल्या हवेची तपासणी करून देतो म्हणणाऱ्यांना पैसे देण्यापेक्षा ते पैसे प्लंबरला द्यावेत असं माझं मत आहे. भिंत ओली दिसतेय, वास येतोय, एवढं कारण पुरेसं आहे.

बहुतेकांना होतो तो ॲलर्जीचा त्रास: सकाळी उठल्यावर शिंका, नाक वाहणं, डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं, रात्रीचा कोरडा खोकला. ज्यांना दमा आहे त्यांचा दमा उसळतो. ओल्या घरात धुळीतले सूक्ष्म किडेही, म्हणजे डस्ट माइट्स, गाद्या-उशांमध्ये वाढतात, तेव्हा दोष एकट्या बुरशीचा नसतो. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना त्रास जास्त, कारण ती घरात जास्त वेळ असतात.

दमा असलेल्या काही जणांमध्ये ॲस्परजिलस नावाची बुरशी श्वासनलिकेतल्या चिकट कफात वाढू लागते आणि शरीर तिच्याविरुद्ध तीव्र प्रतिक्रिया देतं. डॉक्टर तिला एबीपीए म्हणतात. खोकल्यातून तपकिरी, घट्ट गाठी पडणं, दम्याचं औषध नेमाने घेऊनही आराम न पडणं ही तिची लक्षणं. आपल्याकडे एक्स-रेवरचे डाग पाहून अशा रुग्णांना क्षयरोगाची औषधं सुरू झाल्याचीही उदाहरणं आहेत. दमा औषधांना दाद देत नसेल तर छातीच्या डॉक्टरांना या आजाराबद्दल जरूर विचारा. रक्ताची तपासणी असते, उपचारही आहेत.

विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या वाचकांना वाटेल, आमच्याकडे कुठे एवढा पाऊस! तुमच्यासाठी कूलर आहे. २०१७ साली फुप्फुसांच्या जाळीदार ऊतींच्या आजारांची एक देशव्यापी नोंदवही प्रसिद्ध झाली. २७ केंद्रांमधले १,०८४ रुग्ण त्यात होते. त्यातल्या जवळपास निम्म्यांना, ४७ टक्क्यांना, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस हा आजार होता, आणि त्यांतल्याही जवळपास निम्म्यांचा एअर कूलरशी संबंध आलेला होता. या आजारात बुरशी, जंतू किंवा पक्ष्यांच्या विष्ठेचे कण श्वासातून वारंवार आत जाऊन फुप्फुस सुजतं आणि वर्षानुवर्षं तसंच चालू राहिलं तर ते कडक होत जातं. ते पुन्हा मऊ होत नाही. म्हणून हंगाम संपला की कूलरची टाकी रिकामी करून पूर्ण वाळवा, वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या दरवर्षी नव्या घाला आणि हंगामातही टाकीतलं पाणी दिवसेंदिवस तसंच ठेवू नका.

या सगळ्या त्रासांत एक खूण सारखी दिसते. चार-आठ दिवस दुसऱ्या गावी गेलं की बरं वाटतं, घरी परतलं की पुन्हा सुरू. तसं होत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

भीतीबद्दलही बोलायला हवं. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर 'काळी बुरशी' या शब्दाने महाराष्ट्र हादरला होता. तो आजार म्हणजे म्युकरमायकोसिस. अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉइडचे मोठे डोस, खचलेली प्रतिकारशक्ती अशा परिस्थितीत तो होतो. भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यांमुळे धडधाकट माणसाला तो होत नाही. भिंतीवरची बुरशी सहसा वेगळ्याच जातीची असते, तिचा फक्त रंग काळा. नायटाही भिंतीवरून येत नाही, तो त्वचेवर जगणाऱ्या बुरशीचा. मात्र घरात कुणाची केमोथेरपी चालू असेल, कुणाचं मूत्रपिंड बदललं असेल, तर त्या माणसाला ओल्या खोलीत अजिबात ठेवू नका आणि साफसफाईच्या वेळी घराबाहेर पाठवा.

आणि तरीही ओल ही जिवावर बेतू शकते. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं बाळ डिसेंबर २०२० मध्ये गेलं. कमी भाड्याने घरं देणाऱ्या एका सामाजिक गृहसंस्थेच्या फ्लॅटमध्ये सतत बुरशीत राहिल्याने त्याच्या श्वसनमार्गाला गंभीर आजार झाला होता, असा निष्कर्ष मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. वडिलांनी २०१७ पासून तक्रार केली होती. त्यांना सांगितलं गेलं होतं, वरून रंग मारा. त्या बाळाच्या नावाने तिथे कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक गृहसंस्थांना ओलीच्या तक्रारींची ठरावीक मुदतीत दखल घेणं बंधनकारक झालं. "वरून रंग मारा" हे वाक्य मी वाचलं तेव्हा मला आमचा पेंटर आठवला आणि बराच वेळ काही सुचलं नाही.

साफ करताना

तीन फूट बाय तीन फूट इतक्या जागेतली बुरशी घरच्या घरी साफ करता येते. त्याहून जास्त पसरली असेल किंवा छताचं प्लॅस्टर फुगलं असेल तर जाणकार माणूस बोलवा.

कोरड्या झाडूने किंवा खराट्याने ती कधीही झाडू नका. झाडताना लाखो बीजाणू खोलीभर उडतात. पंखा बंद करा, मुलांना बाहेर पाठवा, एन-९५ मास्क आणि रबरी हातमोजे घाला. आधी फवाऱ्याने जागा भिजवा, मग साबणाच्या पाण्याने घासा, पुसा आणि पूर्ण वाळवा. फडकं टाकून द्या. हे काम ज्याला दमा आहे त्याने करू नये. आपल्या घरांत होतं उलटं, जी बाई रात्रभर खोकते तीच सकाळी भिंत घासते. आणि कामाला येणाऱ्या ताईंना हे सांगणार असाल तर त्यांनाही मास्क द्या, त्यांचीही फुप्फुसं तशीच आहेत.

ब्लीच अनेक जण सुचवतात. फरशीवर, टाइल्सवर ते चालतं. प्लॅस्टर, लाकूड, जिप्सम यांच्या आत मात्र ते नीट पोचत नाही, वरचा काळा रंग तेवढा उडतो. शिवाय मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जी होतेच, म्हणून ती मारण्यापेक्षा काढून टाकणं महत्त्वाचं. आणि एक गोष्ट जिवाच्या आकांताने सांगते: ब्लीच कधीही संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरतो.

गाद्या-उशांच्या आत वास मुरला असेल, तर ऊन दाखवूनही तो सगळा जात नाही. अशी गादी टाकून द्यावी लागते, जीव हळहळला तरी. साड्या, शाली कोरड्या दिवशी घराबाहेर ब्रशने झटकून, धुऊन किंवा ड्रायक्लीन करून घ्या. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि ठासून भरू नका.

डांबराच्या गोळ्यांनी ओल जात नाही, फक्त वास झाकला जातो. त्यातलं नॅफ्थलीन काही बाळांना घातक असतं. ज्यांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता आहे, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ होते. म्हणून बाळंतविड्याचे जपून ठेवलेले कपडे बाळाला घालण्याआधी धुऊन उन्हात वाळवा. धुरीचंही तसंच. ओल्या खोलीत धूप जाळला की वास छान येतो, पण दमेकऱ्याला त्या धुराचा आणखी एक त्रास.

दुरुस्ती कुणी आणि कधी करायची?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्यामुळे होणारी गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करण्याचा खर्च सोसायटीचा. संडास-बाथरूम-सिंकमुळे होणारी अंतर्गत गळती संबंधित सदनिकाधारकाची. वरच्या शेजाऱ्याशी भांडण्याआधी वर सांगितलेलं कॅलेंडर आणि फॉइल यांचा फोटो-तारखेसह पुरावा जमवा, बोलणं सोपं जातं. इमारत नवी असेल तर रेरा कायद्याचं, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर संपदा कायद्याचं, कलम १४ लक्षात ठेवा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. अर्ज लेखी द्या.

आता रंगाचं. ऑगस्टमध्ये भिंत वरून कोरडी दिसली तरी आतून भिजलेली असते. गणपतीसाठी लावलेला रंग दिवाळीपर्यंत फुगतो आणि पेंटरला आपण बोल लावतो. ऑक्टोबरच्या उन्हात पोपडे खरवडून भिंत उघडी ठेवायची, थंडीभर वाळू द्यायची आणि बाहेरच्या भेगा, गच्ची, पाइप यांचं काम मार्च ते मे या काळात करून घ्यायचं. आतला रंग सगळ्यात शेवटी. पाहुण्यांसमोर एक गणपती उघडी भिंत राहील. राहू दे.

आम्ही तसंच केलं. मुलीचा पलंग पूर्वेच्या भिंतीला नेला आणि पश्चिमेच्या ओल्या डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहिली. पावसाळ्यात अशा तीन रेघा झाल्या, एकाबाहेर एक. मे महिन्यात सोसायटीने बाहेरच्या भेगा भरून घेतल्या. पुढच्या ऑगस्टमध्ये मी कपाट ओढून पाहिलं, डाग सगळ्यात आतल्या रेघेच्याही आत होता. भिंत अजून रंगवलेली नाही. खोकला त्या वर्षी सप्टेंबरात आला आणि पंधरा दिवसांत गेला. पेन्सिल तिथेच खिडकीत ठेवली आहे.